वामनदादा कर्डक : श्रोत्यांच्या घरी मुक्कामाला राहिलेला लोककवी

आसनगावला उतरून किन्हवली, डोळखांबच्या बाजूला जा, नाहीतर कल्याणहून एसटीने मुरबाड गाठून टोकावड्याकडे निघा. एप्रिल महिन्यात इथल्या कुठल्याही बौद्धवाड्यात भीमजयंतीची गाणी लागलेली असतात आणि त्यांत वामनदादा कर्डकांचे एकही गाणे नाही, असे सहसा होत नाही. गाणे सगळ्यांना पाठ असते. कोणाचे आहे म्हणून विचारले, तर तरुण पोरे गायकाचे नाव सांगतात. कवीचे नाव शेवटच्या कडव्यात असते, एकाच शब्दाचे : वामन. नेमके तेच कडवे आजकाल वेळेअभावी गाळले जाते.

ज्यांच्यामागे ना कंपनी होती ना संस्था, त्या माणसाची गाणी साठ वर्षे टिकली आणि गावोगाव पोहोचली. ती कशी पोहोचली, हे आपल्या पिढीने समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे मोबाईल आहे, स्पीकर आहे, रेकॉर्डिंगची सोय आहे. वामनदादांकडे झोळी, वही आणि लोकांची घरे होती.

देशवंडी ते मुंबई

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या गावी झाला. आईचे नाव सईबाई. घरची गरिबी. शाळेत जाण्याच्या वयात वामन गुरे राखत होता आणि मोळ्या विकत होता. तमाशातल्या, भजनातल्या चाली मात्र याच वयात कानावर पडत होत्या. पुढे आयुष्यभर पुरली ती हीच शिदोरी.

पोट भरण्यासाठी मायलेकांनी मुंबई गाठली. नाशिककडच्या हजारो कुटुंबांनी हीच वाट धरली होती. कसारा घाट उतरला की ही वाट आपल्या शहापूर तालुक्यातूनच पुढे मुंबईकडे जाते. मुंबईत वामनदादांनी पडेल ते काम केले. कोळशाच्या वखारीत राबले, खडी फोडली, चिक्की विकली, टाटा ऑईल मिलमध्ये नोकरी केली. शिवडीच्या बीडीडी चाळीत ते राहत. तिथेच समता सैनिक दलाशी त्यांचा संबंध आला आणि त्यांना आयुष्याची दिशा सापडली.

चाळीतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाचा आहे. एका माणसाने गावाकडून आलेले पत्र वाचून दाखवण्यासाठी त्यांच्यापुढे धरले. वामनदादांना अक्षरओळख नव्हती. पत्र तसेच परत द्यावे लागले आणि ते त्यांच्या मनाला फार लागले. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी बाराखडी शिकून घेतली. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरे पक्की केली. ज्याला दुसऱ्याचे पत्र वाचता आले नाही, त्याने पुढे हजारो गाणी लिहिली. त्यांचे शब्द इतके सोपे का, याचे उत्तर इथेच मिळते. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याही कानाला एकदा ऐकून गाणे समजले पाहिजे, हे ते स्वतःच्या अनुभवाने जाणत होते.

पहिले गाणे आणि जलशांची पार्श्वभूमी

३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गाणे रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होते. लोक हसले, त्यांना आवडले. शब्दांनी माणसे धरून ठेवता येतात, हे वामनदादांच्या लक्षात आले. त्याच सुमारास नायगावला त्यांनी बाबासाहेबांना पाहिले आणि ऐकले. त्यानंतर त्यांच्या गाण्याचा विषय बदलला. गंमतीची जागा चळवळीने घेतली.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपले अनेक कार्यकर्ते भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांना एकच समजतात. दोघेही नाशिक जिल्ह्यातले, दोघेही आंबेडकरी कलावंत, पण माणसे वेगळी. भीमराव कर्डक कसबे सुकेण्याचे. १९३० च्या दशकात त्यांनी जलसा उभा केला आणि काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या त्या काळात बाबासाहेबांचा विचार गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत नेला. जलसा म्हणजे गाणी, वग आणि संवाद यांतून केलेले समाजप्रबोधन. त्याला मोठा संच लागे. वामनदादांनी हाच वारसा घेतला, पण त्यातले गाणे वेगळे काढले. गाण्याला पेटी-ढोलकी मिळाली तर उत्तम, नाहीतर टाळ्यांवरही चालते. त्यामुळे जिथे संच नेणे परवडत नव्हते, त्या वस्तीतही गाणे पोहोचले.

मुक्काम हीच पद्धत

वामनदादा महाराष्ट्रभर फिरले. हॉटेल, मानधनाचा करार, व्यवस्थापक असला प्रकार नव्हता. बोलावणे आले की निघायचे, कार्यकर्त्याच्या घरी उतरायचे, त्याच्या घरची भाकरी खायची, रात्री गायचे. कार्यक्रम संपला म्हणून लगेच परत जायचे नाही. मुक्काम व्हायचा. दिवसा लोक भेटायला यायचे, आपली दुःखे सांगायची, गावातला अन्याय सांगायचा. दादांना तिथेच ओळी सुचायच्या.

नवे गाणे जे पहिल्यांदा ऐकत, ते आपल्या वहीत उतरवून घेत. दुसऱ्या दिवशी दादा पुढच्या गावी जात आणि गाणे मागे राही. पुढच्या जयंतीला गावातली गायन पार्टी तेच गाणे म्हणे. मग ते सोयरीक-संबंधाने शेजारच्या गावी जाई, लग्नात म्हटले जाई, बाया शेतात म्हणत. चाल आधीच ओळखीची असे, भजनाची, तमाशाची, कव्वालीची किंवा सिनेमाची. चाल शिकायला वेळ जात नसे, म्हणून शब्द लवकर बसत. काल ऐकणारा आज गाणारा होई. कोणी न ठरवता महाराष्ट्रभर अशी एक यंत्रणा उभी राहिली.

पहिले गाणे १९४३ चे आणि ‘वाटचाल’ हा पहिला गीतसंग्रह १९७३ चा. मधली तीस वर्षे वामनदादांचे पुस्तक म्हणजे लोकांच्या वह्या. नंतर ‘मोहळ’ आणि ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह आले. तरीही सगळी गाणी छापून आली नाहीत. काही वह्यांत राहिली, काही जुन्या गायकांच्या कंठात राहिली, काही त्यांच्याबरोबरच गेली.

शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफण्याची रीत संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आलेली. वामनदादांच्या बाबतीत तिचा वेगळा उपयोग झाला. ज्याच्याकडे छापील पुस्तक नाही, ज्याची तबकडी नाही, त्याच्या मालकीचा पुरावा त्या कडव्यातच असतो. आणि जिथे दादा कधीच गेले नाहीत, त्या गावातही गाण्याच्या शेवटी ते स्वतःची ओळख देऊन जात.

१९५६ नंतर

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला. नव्या धम्माची ओळख घरोघर करून द्यायची होती आणि सांगणारे थोडे होते. खेड्यापाड्यांत तेव्हा विहारे नव्हती, पुस्तके वाचता येणारेही मोजकेच होते. अशा वेळी गाण्यांनी मोठे काम केले. बुद्ध, धम्म, पंचशील, बाबासाहेबांचे कष्ट, रमाईचा त्याग हे सारे अनेक कुटुंबांना आधी गाण्यातून कळले, ग्रंथातून नंतर.

दादा भक्तिगीतांवर थांबले नाहीत. श्रीमंत उद्योगपतींची नावे घेऊन आमचा वाटा कुठे आहे, असा जाब विचारणारे त्यांचे गाणे आजही सभांत म्हटले जाते. नामांतराच्या लढ्यातही त्यांची गाणी होती. बाबासाहेबांच्या नावावर स्वार्थ साधणाऱ्या आपल्याच पुढाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. ज्यांच्या घरी जेवायचे त्यांनाच कडू बोल ऐकवायचे, हे सोपे नसते. पण लोकांनी ते ऐकून घेतले, कारण सांगणारा त्यांच्या सुखदुःखात राहिलेला माणूस होता.

चित्रपटाची वाटही त्यांना दिसली होती. अनंत माने यांच्या १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या चित्रपटात त्यांचे गीत आहे. त्या वाटेने पुढे जाता आले असते. दादा परत वस्तीकडे वळले. संसारातही त्यांना सुख थोडेच मिळाले. पहिला संसार मोडला, लहानगी मुलगी मीरा गेली. पुढे शांताबाईंनी त्यांना साथ दिली. सतत फिरणाऱ्या कवीच्या घराचा भार कोणी वाहिला, याचा विचार करताना शांताबाईंचे नाव विसरता कामा नये.

१९९३ मध्ये वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झाले. त्याच्या अध्यक्षपदी वामनदादांची निवड झाली. शाळेची पायरी न चढलेल्या कवीला साहित्याच्या व्यासपीठाने दिलेला तो मान होता. १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची गाणी आपल्या आवाजाने घरोघर नेणारे प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी जून महिन्यात गेले. एकाच वर्षी कवी आणि गायक दोघेही गेले.

आपले काम

२०२२ मध्ये दादांची जन्मशताब्दी झाली. कार्यक्रम झाले, भाषणे झाली. आता उरलेले काम गावातले आहे आणि ते शहापूर-मुरबाडच्या तरुणांना सहज करता येण्यासारखे आहे.

कॅसेटच्या काळात वेष्टनावर गायकाचे नाव मोठे आणि कवीचे बारीक असे. मोबाईलच्या काळात तेही उरले नाही. एकाचे गाणे दुसऱ्याच्या नावावर फिरते. वामनदादांचे नाव टिकवायचे असेल तर पहिली गोष्ट : गाणे पूर्ण म्हणा, शेवटच्या कडव्यासह. मंचावरून गाण्याआधी कवीचे नाव घ्या. गाणे कुठे टाकत असाल तर तिथेही लिहा.

दुसरी गोष्ट : वह्या शोधा. आपल्या गावात ज्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी गायन पार्टी चालवली, त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत एखादी वही असेल. पाने पिवळी पडली असतील, वाळवी लागली असेल. वही मागून नेऊ नका, तिथेच बसून फोटो काढा. गाणे कोणी शिकवले, कुठल्या कार्यक्रमात म्हटले, चाल कोणती, हे त्या आजोबांना विचारून रेकॉर्ड करा. आजींनाही विचारा. जुन्या चाली आणि गाळलेली कडवी बऱ्याचदा त्यांच्याकडेच सापडतात. वर्षावासात विहारात रोज ग्रंथवाचन होते. त्यातला एक दिवस या वह्यांसाठी ठेवला, तर तीन महिन्यांत एका गावाचा संग्रह तयार होईल.

तिसरी गोष्ट आज स्वतः गाणी लिहिणाऱ्या मुला-मुलींसाठी. तुमची गाणी मोबाईलवर हजारो लोक ऐकत असतील. त्यातल्या किती जणांच्या घरी तुम्ही गेलात? त्यांच्या रोजगाराचा, जमिनीचा, पाण्याचा प्रश्न तुम्हाला माहीत आहे का? तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. यावर गाणे लिहायचे तर त्या पाड्यावर एक रात्र राहावे लागेल. वामनदादांनी असेच केले असते. तिथे लिहिलेले गाणे तिथल्याच पोरींना शिकवून या. पुढच्या जयंतीला त्या गातील.

जयभीम! नमो बुद्धाय!