पंडिता रमाबाई : भुकेल्यांमध्ये भेटलेला ख्रिस्त

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत लहानथोरांस ठाऊक आहे. त्यांची विद्वत्ता, त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर, केडगावचे मुक्ती मिशन यांविषयी आपण रविवारच्या शाळेत मुलांना नेहमी सांगतो. परंतु त्यांच्या चरित्रातील एक धागा पुष्कळदा आपल्या हातून सुटतो. तो धागा भुकेचा आहे. आज तोच हाती धरून आपण त्यांच्या जीवनाकडे पाहू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे संस्कृत पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकविणे लोकांस मान्य नसतानाही त्यांनी आपल्या पत्नीला ते शिकविले, आणि आईने रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थक्षेत्री फिरून पुराणे सांगत असे व मिळेल त्या दक्षिणेवर राहत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांना गाठले. होते नव्हते ते संपले. विद्येचा व कुळाचा अभिमान मोठा, त्यामुळे भीक मागवेना. अंगमेहनतीचे काम तर कोणी शिकविलेलेच नव्हते. प्रथम वडील गेले, मागोमाग आई गेली, आणि काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली. सोळा वर्षांच्या रमाबाई व त्यांचे भाऊ श्रीनिवास एवढेच उरले.

दोघे पायी उत्तरेकडे निघाले. कधी मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाबरोबर खावे, कधी रानातल्या बोरांवर दिवस काढावा. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले व गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन गौरविले, त्या याच रमाबाई.

१८८० मध्ये भाऊ वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत तेही गेले. तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई तान्ह्या मनोरमेला घेऊन पुण्यास आल्या, आणि १८८३ साली शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

तेथे वाँटेज येथील भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील एक गृह दाखविले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. त्या स्त्रियांशी भगिनी प्रेमाने व आदराने वागत होत्या. असे दृश्य रमाबाईंनी पूर्वी कोठे पाहिले नव्हते. हे प्रेम येते कोठून, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची हकिकत वाचून दाखविली. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्यांच्या अंतःकरणास भिडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पण धर्म सापडला तरी स्वतः ख्रिस्त आपल्याला अजून सापडला नाही, हे सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी आपले ओझे पूर्णपणे त्याच्यावर टाकले.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली, तेव्हा सदनाचा भार सांभाळत बसणे त्यांना सहज शक्य होते. पण वाळूत गळ्यापर्यंत पुरून घेतलेली ती रात्र त्यांना आठवली. त्या तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली, त्यांना विकत घेण्यासाठी टपलेली माणसे, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगच्या भीतीने इतक्या मुली ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तेच मुक्ती. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दीड हजारांवर गेली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुक्तीतील मुली वाचायला शिकत, तशाच शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही कामेही शिकत. हाताला काम न आल्यामुळे स्वतःच्या आईबापांचे काय झाले, ते रमाबाई विसरल्या नव्हत्या. फुलहॅमला पाहिलेल्या स्त्रियांसारख्यांसाठी त्यांनी कृपा सदन बांधले. ज्या ठिकाणी त्यांना ख्रिस्ताचे प्रेम प्रथम दिसले, तसेच ठिकाण त्यांनी इतरांसाठी केले. अशिक्षित स्त्रीलाही समजावे म्हणून त्यांनी सोप्या मराठीत शास्त्राचे भाषांतर केले. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या, तरी हे काम थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या.

बंधुभगिनींनो, वडोद्यापासून हैदराबादपर्यंत आपल्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांचा इतिहास अशाच एखाद्या अनाथालयाच्या दारापाशी सुरू होतो. आपल्या खापरपणजीला कोणीतरी रस्त्यावरून उचलून आणले, म्हणून आज आपण मंदिरात स्वच्छ कपड्यांनी बसतो. आम्ही स्वतःलाच विचारतो : उपासनेनंतर मंदिराच्या फाटकाशी बसलेल्या स्त्रीच्या पदरात नाणे टाकताना आम्ही तिच्या तोंडाकडे पाहतो का? ती रात्री कोठे निजते, तिची मुलगी शाळेत जाते की नाही, हे कधी विचारले आहे का? नाताळात जुने कपडे वाटून आपले कर्तव्य संपत नाही. भुकेल्याला जे दिले ते आपल्यालाच दिले, असे प्रभूने मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शिकविले आहे. तेव्हा त्या फाटकाशी कोण बसले आहे, याचा आपण विचार करावा.

रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी पुढच्या वेळी रमाबाईंची गोष्ट झेलमच्या काठापासून सांगावी. भूक मुलांना लवकर समजते. आणि येत्या रविवारी आपण फाटकाशी थोडे थांबावे, त्या स्त्रीचे नाव विचारावे. आरंभाला एवढे पुरे आहे.