मुंबईनं मंटोला दोन गोष्टी दिल्या, सिनेमाचा पगार आणि कथांची माणसं

मंटो म्हटलं की फाळणी आठवते, अश्लीलतेचे खटले आठवतात. पण या माणसाची चूल बरीच वर्षं सिनेमावर पेटत होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

सआदत हसन मंटो १९१२ साली पंजाबात, समराळ्याला जन्मला आणि १९३६ च्या सुमारास मुंबईत आला. ‘मुसव्विर’ या फिल्मी साप्ताहिकाचं संपादन करता करता स्टुडिओत शिरला. १९३७ चा ‘किसान कन्या’ हा भारतातच प्रोसेस झालेला पहिला रंगीत सिनेमा. त्याच्या लेखनात मंटोचं नाव होतं.

मध्ये दीडेक वर्ष दिल्ली रेडिओत काढलं, मग परत मुंबई. आता नोकरी होती फिल्मिस्तानमध्ये. अशोक कुमारशी गट्टी जमली. १९४६ च्या ‘आठ दिन’मध्ये तर त्यानं छोटी भूमिकाही केली.

राहायला भायखळ्याचा क्लेअर रोड. नागपाडा, फोरास रोड हाकेच्या अंतरावर. तिथल्या वेश्या, दलाल, दादा लोक त्याच्या कथांत आले. सिनेमात ही माणसं तशीच्या तशी दाखवणं शक्यच नव्हतं. खरं सांगायचं तर त्याचे बरेचसे सिनेमे आज विसरले गेलेत, कथा मात्र टिकल्या. याच कथांनी त्याला फाळणीआधी तीनदा आणि नंतर तीनदा कोर्टात उभं केलं.

१९४७ मध्ये तो बॉम्बे टॉकीजमध्ये होता. मुसलमानांना कामावर ठेवल्याबद्दल स्टुडिओला धमक्यांची पत्रं येत होती. अभिनेता श्याम त्याचा जिवलग दोस्त. पंजाबातून आलेल्या निर्वासितांच्या हकिगती ऐकताना आपण तुलाही मारलं असतं, असं श्यामनं त्याला कबूल केलं. हे खुद्द मंटोनंच लिहून ठेवलंय. बायको-मुलगी आधीच लाहोरला गेली होती. जानेवारी १९४८ मध्ये तोही गेला.

लाहोरची फिल्म इंडस्ट्री तेव्हा मोडकळीला आलेली. स्टुडिओचा पगार बंद झाला, दारू वाढली, पैशांसाठी तो कथा भराभर लिहू लागला. ‘खोल दो’, ‘ठंडा गोश्त’, ‘टोबा टेक सिंह’ या कथा याच सात वर्षांतल्या.

इकडे मुंबईत सोहराब मोदींनी त्याच्या कथेवर ‘मिर्झा गालिब’ काढला. भारत भूषण, सुरैया आणि संवाद राजिंदर सिंग बेदींचे. १९५४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. तोवर मंटो गेला होता. १८ जानेवारी १९५५, लाहोर. वय फक्त ४२.