विश्लेषण : ‘चोरटी’ व्हिस्की सिंगल मॉल्टचा मानदंड कशी बनली? कोण होते जॉर्ज स्मिथ?

बारामती-इंदापूरच्या साखरपट्ट्यात मळी, मद्यार्क आणि हातभट्टी हे शब्द नवे नाहीत. बेकायदा भट्टी आणि नामांकित व्हिस्की यांच्यातले अंतर किती, याचे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील जॉर्ज स्मिथ या शेतकऱ्याच्या आयुष्यात सापडते.

भट्टी चोरून का?

स्मिथ यांचा जन्म १७९२चा. ग्लेनलिव्हेट खोऱ्यात ते शेती करत आणि शेजाऱ्यांप्रमाणे चोरून दारूही गाळत. जाचक कर आणि लहान भट्ट्यांना न परवडणारे नियम यांमुळे खोऱ्यातील बहुतेक भट्ट्या विनापरवाना होत्या. तरी तिथल्या व्हिस्कीची कीर्ती अशी, की १८२२मध्ये एडिनबराला आलेल्या राजा चौथ्या जॉर्जनेही तीच मागितल्याचे सांगितले जाते.

परवान्याची किंमत काय?

१८२३च्या कायद्याने कर घटला आणि वर्षाला १० पौंडांत परवाना मिळू लागला. जमीनमालक ड्यूक ऑफ गॉर्डन यांच्या पाठबळावर स्मिथ यांनी १८२४मध्ये परवाना घेतला. खोऱ्यातले ते पहिलेच. चोरटा धंदा करणारे शेजारी चिडले आणि भट्टी जाळण्याच्या धमक्या आल्या. अॅबरलॉरच्या जमीनदाराने दिलेली पिस्तुलांची जोडी स्मिथ अनेक वर्षे जवळ बाळगत. १८५०च्या दशकाअखेर त्यांनी मिनमोर येथे मोठी डिस्टिलरी उभारली. १८७१मध्ये ते वारले.

नावावरून वाद का?

लौकिक वाढताच इतर डिस्टिलरीही ‘ग्लेनलिव्हेट’ नाव लावू लागल्या. मुलगा जॉन गॉर्डन स्मिथ यांनी कायदेशीर लढा दिला. १८८४मध्ये ‘द ग्लेनलिव्हेट’ हे नाव फक्त त्यांना मिळाले. इतरांना ते स्वतःच्या नावाला जोडूनच वापरता येई. हा भाग हायलँड्समधला असला, तरी आज व्हिस्कीच्या वर्गवारीत तो स्पेसाइडमध्ये मोडतो.

सिंगल मॉल्ट म्हणजे काय?

मोड आणलेले जव, पाणी आणि यीस्ट एवढाच कच्चा माल, एकच डिस्टिलरी, तांब्याच्या भट्टीत ऊर्ध्वपातन, ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरवण, बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल. आपल्याकडच्या अनेक स्वस्त व्हिस्कींत मळीचा मद्यार्क असतो. स्कॉटलंडच्या नियमांत तो बसत नाही.

पारख कशी होते?

पारख जिभेआधी नाकाने होते. अरुंद तोंडाच्या पेल्यात थोडी व्हिस्की घेऊन आधी वास घेतात. मग थेंबभर पाणी घालून पुन्हा वास, कारण पाण्याने दबलेले गंध मोकळे होतात. त्यानंतर लहान घोट तोंडभर फिरवून चव किती वेळ रेंगाळते ते पाहतात. ग्लेनलिव्हेटकडून हलक्या, फळांच्या आणि फुलांच्या गंधाची अपेक्षा असते. धुराचा वास बेटांवरच्या अनेक व्हिस्कींची खूण. रंगावर मात्र भिस्त ठेवत नाहीत. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमल घालायला परवानगी आहे.

धडा कोणता?

चव चोरट्या काळातही होतीच. परवाना परवडेल असा झाला, तेव्हा ती नावानिशी बाजारात आली आणि पुढे कोर्टात टिकली. मात्र त्यासाठी स्मिथ यांना शेजाऱ्यांचे वैर पत्करावे लागले.