पाण्यावरून रक्ताचा नियम शोधणारे प्वाझय

सीटी स्कॅनच्या चित्रांवरून हृदयातील रक्तप्रवाहाचे गणित आज संगणक मांडतो. त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, झाँ प्वाझय, १७९७ मध्ये पॅरिसला जन्मले. गणित-भौतिकशास्त्र शिकून ते डॉक्टर झाले. १८२८ च्या प्रबंधासाठी त्यांनी पाऱ्याची नळी प्राण्यांच्या धमनीला जोडून रक्तदाब मोजला. केसासारख्या वाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हा त्यांचा पुढचा प्रश्न. पण काचेच्या नळीत रक्त गोठे. म्हणून त्यांनी मुख्यतः पाण्यावर प्रयोग केले. निष्कर्ष चकित करणारा होता: दाब तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. धमनी थोडी अरुंद झाली तरी धोका का वाढतो, हे त्यातून उमगते.

१८६९ मध्ये ते वारले. द्रवाच्या दाटपणाचे, म्हणजे श्यानतेचे, ‘पॉइज’ हे एकक त्यांच्याच नावावरून आले.

मात्र रक्त म्हणजे पाणी नव्हे. प्रवाह मंदावला की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि रक्त दाट होते. मोठ्या धमन्यांत दाटपणा स्थिर धरला तरी बहुधा चालते. रक्त रेंगाळते तिथे मात्र हिशेब चुकू शकतो. गुठळीची भीतीही तिथेच असते.