आल्फ्रेड ब्यूखी

आल्फ्रेड ब्यूखी (जन्म : ११ जुलै १८७९, विंटरथूर, स्वित्झर्लंड, मृत्यू : २७ ऑक्टोबर १९५९, विंटरथूर) हे स्विस यंत्र अभियंता व संशोधक होते. इंजिनातून वाया जाणाऱ्या निष्कास वायूंच्या ऊर्जेवर टरबाइन फिरवून त्याच इंजिनाला दाबयुक्त हवा पुरवणाऱ्या टर्बोचार्जर या यंत्राचे ते जनक मानले जातात. या कल्पनेचे पेटंट त्यांना १९०५ साली मिळाले. मात्र ती व्यवहारात उतरण्यास आणखी सुमारे वीस वर्षे लागली. पुरेसा दाब का तयार होत नाही, याचे कारण शोधण्यात ही वर्षे गेली. आजही टर्बोचार्जर असलेल्या वाहनातील बिघाड शोधताना ब्यूखी यांनी उलगडलेली तत्त्वेच उपयोगी पडतात.

प्रारंभिक जीवन

ब्यूखी यांचे बालपण विंटरथूर आणि लुडविग्सहाफेन या शहरांत गेले. वडील योहान ब्यूखी हे विंटरथूर येथील झुल्झर या प्रसिद्ध यंत्रनिर्मिती कंपनीत वरिष्ठ पदावर होते. त्यामुळे वाफेची इंजिने, पंप व ओतकामाचे कारखाने यांचे वातावरण त्यांना लहानपणापासून परिचयाचे होते. १८९९ साली त्यांनी झुरिक येथील संघीय तंत्रविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला व १९०३ साली पदवी मिळवली. त्यानंतर काही काळ त्यांनी बेल्जियम व इंग्लंड येथे काम केले. अंतर्ज्वलन इंजिनातून वाया जाणारी उष्णता हा विषय याच काळात त्यांच्या अभ्यासाचा झाला.

मूळ कल्पना

इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग निष्कास वायूंबरोबर बाहेर पडतो. दुसरीकडे इंजिनाची शक्ती सिलिंडरमध्ये किती हवा मावते यावर अवलंबून असते, कारण हवेच्या प्रमाणातच इंधन पूर्ण जळू शकते. साधे इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावरच भागवते. हवा दाबून भरण्याचे प्रयत्न ब्यूखी यांच्यापूर्वीही झाले होते. गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ साली व लुई रेनो यांनी १९०२ साली अशा योजनांची पेटंटे घेतली होती. परंतु या योजनांत हवा दाबणारा पंप किंवा पंखा इंजिनाच्याच शक्तीवर चालत असल्याने मिळालेल्या शक्तीचा काही भाग त्यातच खर्ची पडे.

ब्यूखी यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. टरबाइन-संपीडक, दट्ट्याचे इंजिन आणि टरबाइन ही तीन यंत्रे एकापुढे एक जोडावीत, इंजिनातून निघालेल्या तप्त वायूंनी टरबाइन फिरावे आणि त्या शक्तीवर संपीडकाने इंजिनाला हवा पुरवावी, अशी ही रचना होती. जर्मन साम्राज्याच्या पेटंट कार्यालयाचे २०४६३० क्रमांकाचे पेटंट या रचनेसाठी त्यांना मिळाले. त्यावर १६ नोव्हेंबर १९०५ ही तारीख आहे. त्या वेळी ब्यूखी २६ वर्षांचे होते.

अपयशाची वर्षे

१९०९ पासून ब्यूखी यांनी झुल्झर कंपनीत डिझेल इंजिनांच्या संशोधनाचे काम केले. १९१५ साली टर्बोचार्जर जोडलेल्या डिझेल इंजिनाचा पहिला नमुना तयार झाला, परंतु त्यात आवश्यक तेवढा दाब टिकेना. हवा पुरवणारे यंत्र जोडूनही अपेक्षित शक्ती मिळत नव्हती.

दोष एकाच भागात नव्हता. त्या काळच्या संपीडकांची व टरबाइनांची कार्यक्षमता कमी होती. तप्त वायूंना दीर्घकाळ तोंड देतील असे मिश्रधातू उपलब्ध नव्हते. याशिवाय एक मूलभूत अडचण होती. टरबाइन हा निष्कास वायूंच्या वाटेतील अडथळाच असल्याने इंजिनाच्या मागील बाजूस दाब साचतो. हा दाब पुढून येणाऱ्या हवेच्या दाबापेक्षा जास्त झाला, तर जळलेले वायू सिलिंडरमधून पूर्णपणे बाहेर पडत नाहीत. ताज्या हवेला जागा उरत नाही आणि इंजिन अधिकाधिक तापत जाते.

याच काळात इतर देशांतही प्रयोग सुरू होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे ऑग्युस्त रातो यांनी विमानाच्या इंजिनासाठी असे यंत्र तयार केले. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली पाइक्स पीक या उंच पर्वतावर लिबर्टी इंजिनाची चाचणी घेऊन विरळ हवेतही शक्ती टिकवता येते हे दाखवले. मात्र जहाज किंवा कारखाना अखंड चालवणाऱ्या इंजिनाचा प्रश्न सुटला नव्हता.

स्पंद पद्धती

ब्यूखी यांनी शोधलेल्या उपायाचे दोन भाग होते. पहिला झडपांच्या वेळेसंबंधी होता. निष्कासाची झडप पूर्ण मिटण्यापूर्वीच हवेची झडप उघडली, तर दोन्ही झडपा काही क्षण एकदम उघड्या राहतात. त्या क्षणांत दाबयुक्त ताजी हवा ज्वलनकक्ष धुऊन काढते आणि झडपा व टरबाइन यांनाही थंड करते.

मात्र त्याच क्षणी निष्कास नळीतील दाब कमी असेल तरच हे साधते. सर्व सिलिंडरांचे वायू एकाच नळीत सोडल्यास एका सिलिंडरचा झोत दुसऱ्याच्या आड येतो. म्हणून उपायाच्या दुसऱ्या भागात ब्यूखी यांनी सिलिंडरांचे गट पाडून प्रत्येक गटाला टरबाइनपर्यंत जाणारी स्वतंत्र, अरुंद नळी दिली. उदाहरणार्थ, सहा सिलिंडरांच्या इंजिनात पहिल्या तिघांची एक व उरलेल्या तिघांची दुसरी नळी असते. एका गटातील झोत ठराविक अंतराने येत असल्याने प्रत्येक झोताचा जोर टरबाइनला मिळतो आणि दोन झोतांच्या मधल्या काळात दाब उतरून सिलिंडर स्वच्छ होतो. ही पद्धत स्पंद पद्धती म्हणून ओळखली जाते. १९२५ साली त्यांनी या संदर्भातील पेटंटसाठी स्वतःच्या नावाने अर्ज केला.

बाल्टिक समुद्रातील ‘प्रॉयसन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांवर या पद्धतीची कसोटी लागली. त्यांच्या दहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनांची शक्ती टर्बोचार्जरमुळे १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक वाढली. १९२६ साली ‘ब्यूखी सिंडिकेट’ स्थापन झाले. त्यात ब्राउन बोव्हेरी कंपनी टर्बोचार्जर बनवी, विंटरथूरची स्विस लोकोमोटिव्ह अँड मशीन वर्क्स चाचणीसाठी इंजिने पुरवी आणि अभियांत्रिकी व ग्राहकांशी संपर्क ही जबाबदारी ब्यूखी यांच्याकडे होती. १९३८ साली स्वित्झर्लंडच्याच झाउरर कंपनीने मालमोटारीसाठी टर्बोचार्जरयुक्त डिझेल इंजिन तयार केले. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूर येथे वयाच्या ८० व्या वर्षी ब्यूखी यांचे निधन झाले.

मोटारगाड्यांतील वापर

ब्यूखी यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १९६२ साली, अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल मोटारगाड्या विक्रीस आल्या. जेटफायरमध्ये अकाली ज्वलन टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडले जाई. ते संपल्यास दाबावर आपोआप मर्यादा येई. अशा गाडीची शक्ती घटली, तर टर्बोचार्जर निर्दोष असून केवळ टाकी रिकामी असण्याचीही शक्यता असे. पुढे १९७३ साली बीएमडब्ल्यू २००२ टर्बो व १९७४ साली पोर्शे ९११ टर्बो या गाड्या सादर झाल्या आणि टर्बोचार्जर हे स्पोर्ट्स गाड्यांचे वैशिष्ट्य बनले.

अशा जुन्या गाड्यांत हवेचा वाढीव दाब, म्हणजेच बूस्ट, कमी पडणे ही नेहमीची तक्रार असते. इंजिन, टरबाइन व संपीडक परस्परांवर अवलंबून असल्याने टर्बोचार्जर बदलणे हा प्रत्येक वेळी उपाय ठरत नाही. प्रथम दाबमापक जोडून दाब खरोखरच कमी आहे का, हे पाहावे लागते; कारण ठिणगीतील किंवा इंधनपुरवठ्यातील दोषानेही शक्ती घटते. त्यानंतर चोंदलेला हवागाळक, भेगाळलेले रबरी पाइप व सैल जोड तपासतात. गळती शोधण्यासाठी इंजिन बंद ठेवून हवेच्या मार्गात मर्यादित दाबाची हवा भरतात आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतात.

जास्तीचे निष्कास वायू टरबाइनला वळसा घालून सोडणारी झडप उघडी अडकल्यास दाब वाढत नाही. उलट तिला दाबाची सूचना देणारी नळी निखळल्यास दाब धोकादायक पातळीवर जातो आणि अकाली ज्वलनामुळे दट्ट्ये निकामी होऊ शकतात. टरबाइनपूर्वीच्या निष्कास नळीला तडा गेल्यास झोताचा जोर बाहेरच वाया जातो; ब्यूखी यांनी जपलेली ऊर्जा ती हीच. टर्बोचार्जरच्या दांड्यात वाजवीपेक्षा अधिक हालचाल किंवा निष्कासात निळसर धूर दिसल्यास बेअरिंग अथवा तेलरोधक झिजल्याचा संशय घेतात. वेगाने चालवलेले तप्त इंजिन एकदम बंद केल्यास बेअरिंगमधील तेल जळून त्याचा कोळसा होतो. पाण्याने थंड होणारी बेअरिंगे येण्यापूर्वीच्या गाड्यांत हा धोका विशेष असे.

भारतातील वापर

भारतात टर्बोचार्जरचा मोठा वापर प्रथम रेल्वेत झाला. १९६२ पासून आलेल्या व १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलेल्या डब्ल्यूडीएम-२ या २,६०० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनात सोळा सिलिंडर व टर्बोचार्जर होता. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे गोंदिया जंक्शन ते नागभीड व बल्लारशाह हा पूर्वीचा अरुंदमापी मार्ग रुंदमापी झाल्यावर विद्युतीकरण होईपर्यंत त्यावर डिझेल इंजिनेच धावत. अशा इंजिनातून काळा धूर येणे म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी पडत असल्याची खूण असते. १९१५ च्या नमुन्यापुढे ब्यूखी यांना पडलेला प्रश्नही हवेच्या अपुऱ्या दाबाचाच होता.