झेंड्याची किंमत मोजणारे शेठजी

पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी अंधेरीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी पडलेले कागदी झेंडे गोळा करणे, हे माझे निवृत्तीनंतरचे काम. यंदा नात बरोबर होती. झेंडा तुडवला तर पोलीस पकडतात का, असे तिने विचारले. १९७१ च्या कायद्यानुसार चारचौघांत झेंडा जाळणे, फाडणे, तुडवणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे मी तिला सांगितले. मग म्हटले, एके काळी झेंडा नुसता हाती धरून चालले तरी तुरुंग मिळे. आणि मला जमनालाल बजाज आठवले.

१८८९ मध्ये राजस्थानात सीकरजवळच्या खेड्यात एका गरीब घरी हा मुलगा जन्मला. वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घराण्यात तो लहानपणीच दत्तक आला आणि वर्धेकरच झाला. व्यापार वाढला, सरकारने रायबहादूर केले. पण गांधीजींच्या असहकारात त्यांनी ती पदवी परत केली.

१९२३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून चरख्याचा झेंडा मिरवायला सरकारने बंदी घातली. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. रोज तुकडी निघे, झेंडा घेऊन पुढे जाई आणि पकडली जाई. नेतृत्व जमनालालजींचे होते. जूनमध्ये त्यांनाही अटक झाली. अठरा महिन्यांची कैद आणि तीन हजार रुपये दंड! दंड भरायला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांची मोटार जप्त झाली. नागपुरात तिच्यावर बोली लावायला कोणी पुढे येईना. शेवटी ती विकायला काठेवाडला न्यावी लागली.

बँकेत असताना मी जप्त गाड्यांचे पुष्कळ लिलाव पाहिले. मालकाच्या डोळ्यांत पाणी असले तरी बोली लावणारे थांबत नाहीत. म्हणूनच नागपूरकरांचे ते मौन मला फार मोठे वाटते.

पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून निर्विघ्न गेली, आणि कैदी सुटले. सात वर्षांनी, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात, आमच्या शेजारच्या विलेपार्ल्याच्या छावणीचे प्रमुखही जमनालालजीच होते. तेथूनही ते तुरुंगात गेले. दरम्यान १९२८ मध्ये त्यांनी वर्ध्याचे घरचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले होते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले. स्वातंत्र्याचा झेंडा काही त्यांना पाहायला मिळाला नाही.

एक कबुली द्यायला हवी. बँकेत एका सव्वीस जानेवारीला घरी जायच्या घाईत मीच झेंडा उतरवून, घडी न घालता ड्रॉवरमध्ये कोंबला होता. कोणी पाहिले नाही, म्हणून गुन्हाही ठरला नाही. पण मनाच्या खातेवहीत ती बाकी अजून निघते.

खराब झालेला झेंडा एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करावा, असे २००२ ची ध्वजसंहिता सांगते. चारचौघांत जो अपमान, तोच एकांतात आदर! फरक मनातल्या भावनेचा. नातीने गोळा केलेले झेंडे एकेक पुसले आणि सरळ करून माझ्या हातात ठेवले. तिला कायद्याची भीती उरली नव्हती. मोटारीची गोष्ट मात्र तिने पुन्हा सांगायला लावली.