सूर्याच्या वादळांचे टिपणकार नानाभाई मूस

कुलाबा वेधशाळा म्हटली की आम्हां नाशिककरांना पावसाच्या बातम्या आठवतात. सूर्यावरील वादळांचे पडसादही तेथे टिपले जात, हे मला नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांच्या चरित्रामुळे कळले.

त्यांचा जन्म ऑक्टोबर १८५९ मधला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांनी सूर्यडागांपाशी प्रखर ज्वाला पाहिली होती. सूर्यावरील चुंबकीय बलरेषा तप्त वायूच्या हालचालींनी पिळल्या जातात. किल्ली दिलेल्या घड्याळासारखी त्यांत ऊर्जा साठते. त्या तुटून नव्याने जुळल्या की ती काही मिनिटांत मोकळी होते. वेगवान इलेक्ट्रॉन बलरेषांवरून खाली धावतात व खालचा थर तापून उजळतो. तो प्रकाश आठ मिनिटांत आपल्याकडे पोचतो. विद्युद्भारित वायूचा लोट मागाहून येतो. त्या वेळी तो सुमारे साडेसतरा तासांत आला, आणि कुलाब्याला चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. मूस यांच्या हयातीत यामागील कारण मात्र कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते.

एलफिन्स्टन कॉलेज आणि एडिंबरो येथे शिकून १८९६ साली ते वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पारतंत्र्यात हा मान लहान नव्हता. पण मला मोठे वाटते ते त्यांचे पुढील काम. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूची बिघडणार, म्हणजे १८४६ पासूनची नोंदींची मालिका खंडित होणार! शहराला ट्राम नको म्हणणे शक्यच नव्हते. नानाभाईंनी चुंबकीय वेधशाळाच अलिबागला हलवली. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला. १९०४ पासून दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मापे घेतली, कारण जुन्या-नव्यांचा सांधा जुळायला हवा होता. १९०७ मध्ये ट्राम धावली तेव्हा अलिबागचे काम सुरळीत चालले होते.

साठ वर्षांच्या नोंदी त्यांनी १९१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. माझ्यासारख्या वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला आकड्यांचे रकाने रुक्षच. पण वादळात चुंबकीय बल आधी उसळते, मग कोसळते आणि हळूहळू सावरते, हा क्रम त्यांनी त्यांतूनच उलगडला.

१९१९ साली ते निवृत्त झाले व १९३६ साली वारले. पुढे २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी १८५९ च्या वादळाची तीव्रता ठरवली, ती कुलाब्याच्याच नोंदींवरून. अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेते आहे.